घाटात बसलेला दडा

ज्या कोणाला आज सकाळी उठल्यावर एका कानाने ऐकू येईनासं झालंय, त्याने हे वाचत बसू नये. आधी कानाच्या डॉक्टरकडे जावं. तेल नको, वाफ नको, शेजारच्या काकांचा सल्ला नको. रिक्षा करावी आणि जावं. हे लिखाण कुठे पळून जात नाही. तिथे रांगेत बसून वाचलं तरी चालेल.

मी गेलो नाही. आठ दिवस गेलो नाही. का गेलो नाही ते सांगायची लाज वाटते, आणि म्हणूनच सांगतोय.

माझं नाव सुनील, वय एकावन्न. मूळ गाव बेडसे, राहायला लोणावळ्यात. कान्ह्याजवळच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सात मेंटेनन्सचा प्रमुख म्हणून. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणारे मोठमोठे प्रेस आमच्याकडे आहेत. ते बंद पडू द्यायचे नाहीत, एवढंच माझं काम होतं.

घाट

त्या सोमवारी मुंबईकडच्या एका कस्टमरकडे मीटिंग होती. मीटिंग कसली, चार तास बोलणी खाल्ली. संध्याकाळी गाडीने घाट चढताना दोन्ही कानांना दडे बसले. लोणावळ्याच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. आवंढा गिळायचा, जबडा हलवायचा, खंडाळा येईपर्यंत कान मोकळे होतात. माझा डावा झाला. उजवा झाला नाही. म्हटलं, होईल सकाळपर्यंत.

सकाळी उजव्या कानात एक बारीक आवाज सुरू झालेला होता. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जो फुसफुसतो ना, तसा. फरक इतकाच की हा गॅस बंद करता येत नव्हता. बाहेरचं मात्र त्या कानाला काहीच ऐकू येईना.

वैशाली, माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती म्हणाली, "अहो, आज सुट्टी टाका आणि दाखवून या."

"अगं, घाटातला दडा आहे. त्याला काय दाखवायचं?"

"झोप झाली तरी सुटला नाही, आणि म्हणे घाटातला!"

मग तिने लसूण घालून तेल कोमट केलं, दोन थेंब सोडले आणि वर कापूस लावून दिला. कारखान्याचं गेट यायच्या आधी मी तो कापूस काढून खिशात कोंबला. माझी लपवाछपवी त्या कापसापासून सुरू झाली.

खुर्ची

लपवायचं कशाला, असं कोणीही विचारेल. तर आमचे प्लँट हेड दुसरीकडे चालले होते आणि त्यांच्या जागेसाठी दोनच नावं होती. एक माझं, दुसरं अभिजितचं. अभिजित प्रोडक्शनचा प्रमुख. मशीन बंद पडलं की तो म्हणणार मेंटेनन्स झोपलंय, मी म्हणणार तुझे लोक मशीन बैलासारखं राबवतात. रोज सकाळी साडेनऊच्या मीटिंगमध्ये आदल्या दिवशीचा प्रत्येक बंद तास कोणाच्या तरी नावावर टाकला जायचा. तो आपल्या नावावर पडू नये म्हणून सगळ्यांची धडपड. इंजिनिअरिंग काय, ते उरलेल्या वेळात.

आणि माझ्यापुरती आणखी एक गोष्ट होती. आम्ही बौद्ध. वडील रेल्वेत गँगमन. वस्तीतला पहिला इंजिनिअर मी. ॲडमिशन राखीव जागेवर घेतली, त्यात लपवण्यासारखं काही नाही, ती गुणांनी टिकवली. पण "यांचं काय बाबा, यांना मिळतंच" हे वाक्य कँटीनच्या रांगेत मागून आलेलं मी दोन्ही कानांनी ऐकलंय, तेव्हा दोन्ही शाबूत होते. त्यामुळे आजारी पडायची, चुकायची, 'मला जमत नाही' म्हणायची सवलत आपल्याला नाही, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. एक कान गेलेल्या माणसाला मोठ्या खुर्चीवर कोण बसवतो?

म्हणून मंगळवारी मीटिंगमध्ये मी जागा बदलली. उजवा कान भिंतीकडे येईल अशी टोकाची खुर्ची धरली, म्हणजे सगळी माणसं डावीकडे.

"काय सुनील, आज कोपऱ्यात?" अभिजितने लगेच टिपलं.

"एसी अंगावर येतो रे. सर्दी आहे."

"जप हो. आता या वयात जपायला पाहिजे," तो हसून म्हणाला, आणि प्लँट हेडकडे एक नजर टाकली. ती नजर मला पुढचे चार दिवस पुरली.

दांडी

इथे महादू भाऊंबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या आजाराची खरी झळ त्यांना बसली.

महादू भाऊ आमच्याकडचे सगळ्यात जुने फिटर. घर कारखान्याच्या मागे, रेल्वेलाइनच्या पलीकडच्या वाडीत. घरची भातशेती, आणि छत्तीस वर्षं कारखाना. मी नवा कोरा इंजिनिअर म्हणून लागलो तेव्हा त्यांनीच मला दांडी धरायला शिकवली. फूटभर लांबीची पोलादी दांडी, एका टोकाला लाकडी मूठ. टोक बेअरिंगवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतलं सगळं ऐकू येतं. चांगलं बेअरिंग गुणगुणतं, बिघडायला लागलं की कुरकुरतं. "सुनील, कान एकच ठिव. अदलाबदल केलीस तर वळख ऱ्हात न्हाई," असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. मी उजवा धरला. सव्वीस वर्षं उजवा. मी मॅनेजर झालो त्या दिवसापासून ते मला साहेब म्हणायला लागले, मी कितीदा सांगूनही.

कंपन मोजायचं यंत्र होतं आमच्याकडे, नाही असं नाही. पण मोठी ऑर्डर चालू करण्याआधी मेंटेनन्सच्या प्रमुखाने स्वतः दांडी लावून ऐकायचं आणि रजिस्टरमध्ये सही करायची, ही आमची जुनी रीत. माझ्या कानाचा दबदबा होता, आणि मला त्याचा माज होता. आता स्पष्टच बोलतो.

महादू भाऊ त्याच महिन्याच्या अखेरीला रिटायर होणार होते. आमच्याकडे रिटायर होणाऱ्याला शेवटच्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्याचा भोंगा वाजवायला देतात. साडेतीनला सगळे खाली जमतात, घरच्यांना आत बोलावतात, तो बटण दाबतो आणि सगळ्यांच्या आधी गेटबाहेर पडतो. त्या एका दिवसाचं त्यांना फार होतं. "म्हातारीनं छत्तीस वरसं भोंगा ऐकून चूल पेटवली, पन आतून कारखाना न्हाई बघितला. लुगडं आनलंय तिला," असं ते येईल त्याला सांगत होते.

शुक्रवारी सात नंबरच्या प्रेसवर मोठी ऑर्डर लागायची होती. मोजायचं यंत्र नेमकं तपासणीसाठी पुण्याला गेलेलं. मी, महादू भाऊ, आणि घड्याळ बघत उभा असलेला अभिजित. मी दांडी बेअरिंगवर टेकवली, मूठ सवयीने उजव्या कानाकडे नेली आणि हात मध्येच थांबला. मग डाव्या कानाला लावली. आवाज आला, पण तो मला वाचता येईना. डाव्या कानाला त्या भाषेची सवयच नव्हती, आणि उजव्यातली शिट्टी सगळ्यावर चढलेली.

"काय मग, चालवायचा का बंद ठेवायचा?" अभिजित म्हणाला. "बंद ठेवणार असशील तर मेल टाक. मी वर पाठवतो."

"चालवा. ठीक आहे."

महादू भाऊंनी माझ्या हातून दांडी घेतली आणि स्वतः ऐकलं. बराच वेळ ऐकलं. "साहेब, बारीक कुरकुर हाय आत. लय न्हाई, पन हाय. दोन तास बंद घेऊ, उघडून बघू."

"महादू भाऊ, मी ऐकलंय ना आत्ता?" माझा आवाज चढला होता.

"व्हय, ऐकलं की."

"मग?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग काय न्हाई. तुमी म्हनाल तसं." मी रजिस्टरमध्ये सही केली, खाली त्यांनी केली.

पाच वेळा 'का'

रविवारी दुपारी सात नंबर जाम झाला. बेअरिंग वितळून शाफ्टला चिकटलं. नशीब की कोणाला खरचटलंही नाही. पण लाइन बंद, आणि कस्टमरचे फोनवर फोन.

आमच्याकडे काही मोडलं की पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे. का मोडलं? ते का झालं? त्याच्या मागे का? पाचव्या 'का'ला मूळ कारण सापडतं, असं ट्रेनिंगमध्ये शिकवतात. प्रत्यक्षात पाचव्या 'का'ला सगळ्यात खालचा माणूस सापडतो.

सोमवारी फळ्यावर तिसऱ्या 'का'पर्यंत गाडी आली आणि अभिजितने शांतपणे विचारलं, "तपासणी कोणी केली होती? रजिस्टर मागवा." सगळे माझ्याकडे बघायला लागले. छाती अशी धडधडत होती की कानातली शिट्टीसुद्धा तिच्या तालावर वाजायला लागली.

मी म्हणालो, "तपासणीच्या वेळी आवाज नव्हता. रोजच्या ग्रीसचं कार्ड बघा. गुरुवारची टिक नाहीये."

ते ग्रीस महादू भाऊ घालायचे, आणि गुरुवारी ते अर्ध्या दिवसाच्या रजेवर होते. ती रजा मीच मंजूर केली होती. आणि एक दिवस ग्रीस राहिलं म्हणून असलं बेअरिंग जात नाही, हे त्या खोलीत सगळ्यात चांगलं मला ठाऊक होतं. पण फळ्यावर लिहिलं गेलं: देखभालीत हलगर्जी. महादू भाऊंना आत बोलावून विचारलं. ते म्हणाले, "गुरवारी अर्धा दिस मी नव्हतो. बाकी साहेबांनला इचारा." मी टेबलाकडे बघत होतो. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये, असं पत्र त्यांच्या हातात पडलं.

काचेच्या खोलीत

मंगळवारी सकाळी लोणावळ्यात दूध आणायला वैशालीबरोबर बाहेर पडलो. रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकला, पण कुठून ते कळेना. गाडी उजवीकडून येत होती आणि मी शहाणा डावीकडे बघत उभा. वैशालीने शर्टाची कॉलर धरून मागे ओढलं. दुधाची पिशवी फुटली. तिने मला भररस्त्यात असं झापलं की पर्यटकांनी गाड्या हळू केल्या. घरात न शिरता तिने तशीच स्कूटर काढली आणि मला मागे बसवून तळेगावच्या हॉस्पिटलात नेलं.

तिथे एका काचेच्या बंद खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. बीप ऐकू आला की दाबायचं. डाव्या कानाचं छान झालं. मग उजवा. काहीच नाही. आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. डाव्याच्या वेळी बीप साधारण किती अंतराने येत होते ते मी मोजून ठेवलं होतं. त्याच हिशेबाने बटण दाबायला लागलो.

थोड्या वेळाने तपासणारी मुलगी दार उघडून आत आली. माझ्या मुलीच्या वयाची असेल. "सर," ती हळू आवाजात म्हणाली, "मी मघापासून काहीच वाजवलेलं नाहीये."

एकावन्न वर्षांचा माणूस, कानाच्या परीक्षेत कॉपी करताना पकडला गेला. मला रडू कोसळलं. ती बिचारी गोंधळली, पाणी आणून दिलं, आणि परत पहिल्यापासून तपासणी केली.

डॉक्टरबाई फटकळ. "अहो, आठ दिवस काय करत होतात?"

"घाटातला दडा वाटला."

"लोणावळ्याचे सगळे हेच सांगतात! आतली नस अचानक बसते, त्याचा घाटाशी संबंध नाही. पहिल्या दोन-चार दिवसांत आला असतात तर आशा बरी होती. आता प्रयत्न करू. कबूल काही करत नाही." मग त्यांनी विचारलं, कामाचा ताण आहे का? मी नाही म्हणालो. वैशाली खुर्चीतून माझ्याकडे बघत राहिली.

डावी कूस

मला साखरेचा त्रास, आणि औषधाने साखर भडकते म्हणून पाच दिवस दाखल करून घेतलं. पहाटे बोट टोचायचं, बिनसाखरेचा चहा, मग सलाईन, परत बोट टोचायचं. त्या औषधाने भूक अशी लागते की समोरच्या खाटेवरच्या माणसाचा डबा उघडला की मला राग यायचा. चेहरा फुगला. कशावरही चिडायचो. पाणी गार का आणलं म्हणून वैशालीवर ओरडलो, मग तासभर तोंड लपवून पडलो.

वॉर्डात एक मावशी होत्या, फरशी पुसायच्या. त्यांनी पहिल्या दिवशी काही न विचारता ओळखलं आणि नेहमी खाटेला वळसा घालून डाव्या बाजूने यायच्या. "साहेब, पाय वर घ्या" एवढंच म्हणायच्या, पण मला ऐकू येईल तिथून म्हणायच्या. कोणी एवढंच केलं तरी फार असतं. घरात असा माणूस असेल तर लांबून हाका मारू नका, त्याच्या बाजूला जा.

एका गोष्टीचा शोध लागला. डाव्या कुशीवर वळलं की चांगला कान उशीत जातो आणि जग बंद होतं. फक्त शिट्टी उरते.

ऑफिसला मी व्हायरल ताप सांगितला होता. फोन वैशालीकडे असायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला, तो तिने वाचून दाखवला. कस्टमरला अहवाल गेला, कारण हलगर्जी, संबंधित कामगार निलंबित.

"महादू भाऊंना घरी बसवलं? त्यांना?" वैशाली म्हणाली. "का हो?"

"ग्रीस राहिलं होतं."

तिने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "त्या मशीनला दांडी तुम्ही लावली होती ना? कुठल्या कानाला लावली?"

मी डाव्या कुशीवर वळलो. ती पुढे बोलत असणार, कारण खाट हलत होती. मी वळलो नाही. आजारपणात मी केलेल्या गोष्टींपैकी ही मला सगळ्यात जास्त टोचते.

चौथं शील

घरी आलो. कान परत आला नव्हता. डॉक्टरबाईंनी आणखी काही इंजेक्शनं दिली, नंतर त्याही थांबल्या. वैशाली माझ्याशी जेवण, औषध आणि साखर एवढ्यापुरतंच बोलत होती.

पौर्णिमेला आईला घेऊन बेडश्याच्या विहारात गेलो. आईला आता सत्तर उलटून गेली, पण वंदना खणखणीत म्हणते. मी तिला डावीकडे घेऊन बसलो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज फुटेना. आई थांबली नाही, पण तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला काही माहीत नव्हतं. तिला वाटलं कानाचं दुःख आहे.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात जाऊन एचआरच्या हातात दोन कागद दिले. एक कानाचा रिपोर्ट, एक माझं पत्र. तपासणीच्या दिवशी मला नीट ऐकू येत नव्हतं, महादू भाऊंनी मशीन बंद घ्यायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, ग्रीसचा काही संबंध नाही.

एचआरवाल्याने दोनदा वाचलं आणि खुर्ची जवळ ओढली. "सर, हे कशाला? महादू भाऊंची चौकशी होईल, ताकीद देऊन सोडतील. कस्टमरला अहवाल गेलाय. आता कारण बदललं तर आपणच खोटे ठरतो. तुम्ही आराम करा."

"महिनाअखेरीच्या आत चौकशी होईल?"

"बघू ना."

आपल्याकडे 'बघू ना' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. आठवडाभर वाट बघून मी साडेनऊच्या मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर बोललो. बोलून झाल्यावर खोलीत शांतता होती, किंवा कोणी उजवीकडून काही बोललं असेल तर मला कळलं नाही. प्लँट हेड म्हणाले, "ठीक आहे. नोंद घेतली. पुढचा मुद्दा."

बाहेर अभिजितने मला गाठलं. आठवणीने डाव्या बाजूला आला. "अरे, मला तरी सांगायचंस. इतकी वर्षं ओळखतो आपण."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू मेल केली असतीस."

त्याने विचार केला. "हो," तो म्हणाला, "केली असती." आणि आम्ही दोघंही हसलो. सव्वीस वर्षांत त्याच्याशी मी इतकं खरं बोललो नव्हतो. खुर्ची त्यालाच मिळाली. मला कागदांच्या विभागात बसवलंय. वाईट वाटत नाही म्हणणार नाही, वाटतं.

साडेतीन

महिन्याचा शेवटचा दिवस आला आणि चौकशी बसलीच नव्हती. मी दुपारी दांडी घेतली आणि रेल्वेलाइन ओलांडून वाडीत गेलो.

महादू भाऊ अंगणात विळ्याला धार लावत होते. त्यांची बायको, आमच्या मावशी, चुलीपाशी होत्या, अंगावर नवं कोरं लुगडं, घडीच्या रेघा तशाच. माझी नजर गेलेली त्यांनी पाहिली. "आनलं व्हतं, म्हनून नेसले," म्हणाल्या आणि चहा टाकायला वळल्या.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कान, डावा-उजवा, ग्रीसचं कार्ड, पत्र, मीटिंग. माफी मागितली. महादू भाऊंनी विळा बाजूला ठेवला आणि बाज माझ्या डाव्या अंगाला ओढून तिच्यावर बसले.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "तुमी दांडी डाव्या कानाला लावली, तवाच उमगलं. सव्वीस वरसं उजव्याला लावनारा मानूस."

"मग त्या दिवशी मीटिंगमध्ये बोलला का नाहीत? एका वाक्यात सुटला असता!"

"तुमचं दुखनं मी कसं सांगू चारचौघांत? तुमी सांगाल म्हनलं. सांगितलंत की. उशीर झाला, एवढंच."

यापेक्षा त्यांनी विळा फेकून मारला असता तरी बरं झालं असतं. मी दांडी पुढे केली. "ही तुमची. ठेवा."

"मला काय करायची? हितं काय ऐकू, म्हशीचं पोट?" मावशी चुलीपाशी हसल्या. तेही हसले. मला हसता आलं नाही. दांडी त्यांनी घेतली, पदराने धरून मावशींनी चहा दिला, आणि आम्ही तिघं साडेतीनची वाट बघत बसलो. काय वाजणार आहे ते तिघांनाही माहीत होतं.

भोंगा वाजला. कोणीतरी वॉचमनने दाबला असेल. मोठा, लांब. मी उठून आवाज जिकडून आल्यासारखा वाटला तिकडे तोंड करून उभा राहिलो. निदान तेवढा मान द्यावा म्हणून. समोर मला भाताची खाचरं आणि डोंगर दिसत होता.

खांद्यावर हात आला. महादू भाऊही उठले होते. त्यांनी मला हळूच धरून पाठीमागे वळवलं.

"तिकडं न्हाई सुनील," ते म्हणाले. "कारखाना हिकडं हाय."

भोंगा थांबेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.